किरकोळ

सातपूरच्या शेडमध्ये हिशेब हाती घेतला तेव्हा
गायधनीबाईंनी तीन किल्ल्या दिल्या
आणि एक वही. वर निळ्या शाईत : किरकोळ.

मी शिकून आले होते. किरकोळ म्हणजे गळती.
पहिल्याच आठवड्यात लाल पेनाने गोल केले :
बेंडकुळे, चष्म्याची काच, दोनशे वीस.
वॉचमनच्या सायकलला ट्यूब.
संपाच्या दिवशी चहा, गेटच्या आतला आणि बाहेरचाही.
पावती? नाही. मंजुरी? नाही.
बंद केलं.

ताळेबंद सुरेख जुळला, पैशाला पैसा.
मालक म्हणाले, छान.

मग ऑक्टोबरात लेथवरचे
एकशे चौदा नग परत आले, केसभर चुकलेले.
बेंडकुळे मायक्रोमीटर डोळ्याशी नेऊन
बराच वेळ नुसता धरून होता.
मी मागे उभी, हातात भंगाराचा आकडा :
अठरा हजार सहाशे.
"सांगायचं ना?"
"कुणाला, मॅडम?" म्हणाला. रागाने नाही.

संध्याकाळी बाईंना फोन लावला, पंचवटीत.
गंगेवरून नुकत्याच परतल्या होत्या, धाप लागलेली.
"पावती मागायचीच गं," म्हणाल्या, "फक्त आधी
माणसाला बस म्हणायचं."
आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

आज वही पुन्हा काढली. नियमही लिहिला आत :
पाचशेपर्यंत, सही माझी,
महिनाअखेर बेरीज मालकांसमोर.
टेबलापुढे एक स्टूल आणून ठेवलंय.

अजून कुणी बसलेलं नाही.