काडेपेटी

पुंता अरेनासला वारा असा
की कुणाच्याही डोळ्यांत पाणी असतं.
म्हणून रायेनचे लाल डोळे मला उशिरा दिसले.

पापण्या उपटते ती.
एकेक, चिमटीत धरून,
गणिताच्या तासाला, झोपण्याआधी.
"सुटेल सवय," आई म्हणाली, "तूही नखं खायचास."
मी हातमोजे घातले तिला. ओरडलो.
सायकल कबूल केली.

मग अभ्र्यात काडेपेटी सापडली:
आत सगळ्या पापण्या,
एकाच दिशेला नीट निजवलेल्या.
टाकवल्या नव्हत्या तिला.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, "कधीपासून?"
मी बोटांवर महिने मोजू लागलो.
रायेन खिडकीकडे बघत म्हणाली,
"बाबांची बोट सुटते तेव्हा.
परत येते तेव्हाही."

बाईंनी लिहून घेतलं.
पुढचा मंगळवार मिळाला.
मंगळवारी माझी बोट आहे.
होती.