चौदा मिलिमीटर

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, मशिदीच्या बोळात
पहाटे साडेचारला ज्यांचा तवा तापतो
ते शौकतचाचा परकार, मूळ गाव दाभोळ,
आज माझ्या टेबलावर, शर्ट वर करून.
एकतीस वर्षं कबदा परततायत:
बकऱ्याची कलेजी, कांदा, काळी मिरी, वर लिंबू,
गरम खुबुसात गुंडाळून बंदरावरच्या माणसांना.

"बोटानं दाबलं की कळतं," ते म्हणाले,
"चांगली असली तर गुळगुळीत, मऊ.
खडबडीत निघाली तर मी मांजरांनाही घालत नाही."
मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं
आणि गप्प झाले.

दारू कधी शिवली नाही. कावीळ ब,
कुठल्या सुईतून की आईच्या पोटातूनच,
आता कोण शोधत बसणार.
काळजाला घरं पडली, म्हणतात आपल्याकडे.
मी ते नुसतं म्हणायचं म्हणून शिकले होते.
इथे रोज मोजते.

दर सहा महिन्यांनी या, असं कार्डावर लिहिलेलं.
दोनदा आले नाहीत: एकदा रमजान, एकदा धाकटीचं लग्न.
तिसऱ्यांदा आले तेव्हा उजव्या बाजूला, आत खोल,
एक गाठ. चौदा मिलिमीटर.
किडन्या थकलेल्या, सीटीचं औषध सोसणार नाही.
म्हणून हे बुडबुडे.

कुपी हलवली की दुधासारखी होते.
रक्ताच्या तांबड्या पेशीहून लहान बुडबुडे,
शिरेची वाट सोडून कुठेही न जाणारे.
यंत्राचा आवाज मंद ठेवायचा, नाहीतर फुटतात.
ज़हरानं सुई टोचली, मागोमाग सलाईन.
मी घड्याळ सुरू केलं.

दहा. काळोख.
पंधरा. एक बारीक फांदी पांढरी.
अठरा. गाठ पेटली,
शेजारीपाजारी झोपेत असताना
एकाच घरात सगळे दिवे.
चाळीसला बाकीची वस्ती जागी झाली
आणि ती गर्दीत मिसळून गेली.

आता थांबायचं.
झटकन विझली तर परकी, दुसरीकडून आलेली.
इथलीच असेल तर सावकाश फिकटते, जराशीच,
मिनिट उलटून गेल्यावर कधीतरी.
आणि नाहीच फिकटली तर,
तर मी आज घरी जाऊन गुळाची पोळी करीन.

"बाई," चाचा छताकडे बघत म्हणाले,
"इथल्या बायका पोराला चबदी म्हणतात. माझं कलेजं.
आपण काळीज म्हणतो आणि हात ठेवतो इथे."
त्यांनी डाव्या छातीवर बोटं टेकवली.
"एवढी वर्षं विकतोय, पण हे आजच सुचलं.
हात चुकीच्या जागी ठेवतो की आपण."
मी प्रोब उजव्या बरगडीखाली जरा दाबला.
"श्वास धरा."

दोन मिनिटं. काही नाही.
दोन चाळीस.
तीन दहा, आणि कडेपासून ती मळकट होत गेली,
इतकी हळू, की मला आधी वाटलं
माझेच डोळे थकलेत.

डॉक्टर सांगतील,
हे वाक्य मला चार भाषांत येतं.
मी मराठीत म्हटलं.
"फिकी पडली ना ती?" चाचा म्हणाले.
"रंग बदलला की मला कळतो. माझं कामच ते."
मी काहीच बोलले नाही. ज़हरानं उगाचच ट्रे आवरला.
"केवढी?"
"भिजवलेल्या काबुली चण्याएवढी."
हे सांगायची मला परवानगी नव्हती.
"लहान आहे, चाचा," हेही नव्हती. "वेळेत दिसली."

ते बराच वेळ हिशेब करत राहिले.
"सुईनं भाजून काढतात म्हणे."
"काढतात."
"मंद आचेवर की मोठ्या?"
मला हसू आलं, आणि मग काहीतरी घशात.

"आणि तुझे ते बुडबुडे? राहिले आत?"
"नाही. तुम्ही बोलताय ना, त्यातूनच निघून चाललेत."

मी जेल पुसायला टिश्यू घेतला.
तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला
आणि स्वतःचं पोट पुसलं
रात्री दुकान बंद करताना ओटा पुसतात तसं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग पुन्हा एकदा, कोपऱ्यांतून.