अक्षर

टेंबलाईच्या कँटीनची रांग दुपारी जरा ढिली पडते.
काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला,
"साहेबांचं कार्ड आणलंय न्हवं?"
साहेब नाहीत, म्हटलं. कधीच नव्हते.
कार्ड माझंच.

आई सीपीआरच्या धोबीखान्यात चादरी मोजायची.
माझं निवडीचं पत्र आलं तेव्हा नाईकवडी काकू
तिला नळावर गाठून म्हणाल्या,
पलटणीत काय काम पोरीच्या जातीचं?
आई काही बोलली नाही, बादली भरली.
मला पुण्याच्या गाडीत बसवताना एवढंच म्हणाली :
रक्ताचा डाग थंड पाण्यानं काढायचा.
गरम घातलंस की बसला.

खांद्यावर दोन तारे चढले त्या दिवशी
गेटवरच्या जवानानं सॅल्यूट ठोकला
आणि मी मागं वळून बघितलं, कोण आलंय ते.
पुढं असेही भेटले
ज्यांचा हात नर्सला बघून वर यायचा नाही.
त्यातले दोघं-तिघं नंतर वॉर्डात आले.
त्यांची अंगं पुसली,
बाकीच्यांची पुसायची तशीच.

उधमपूर. रात्रपाळी. बेड अकरा.
सुरुंगावर पाय पडलेला,
गुडघ्याखाली नुसतं ब्लँकेट सपाट.
ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत मी म्हणाले असेन,
"थांब रे, आलो मी."
पुण्याची कॅप्टन दातार या 'आलो'वर वर्षभर हसायची,
बाई असून आलो काय, गेलो काय.
पण अकरा नंबरनं डोळे उघडले :
"ताई, कोल्हापूरच्या काय वो तुमी?"

भुदरगडकडचा. तालमीतला. वय बावीस.
उजव्या हाताला सलाईन, म्हणून पत्र मी लिहिलं.
तो सांगत होता :
मी खुशाल आहे. हिकडं थंडी लई.
म्हशीला पेंड चालू ठेवा.
पायाचं?
"पायाचं नगा लिवू."
नाही लिहिलं.
नर्सिंगच्या कुठल्याच पुस्तकात
न लिहिलेल्या ओळीचा डोस दिलेला नाही.

एकोणीस दिवसांनी कार्ड आलं,
गावच्या कुणा मास्तरांच्या वळणदार हातातलं :
मला वाचाय येत न्हाई
पर तुझं अक्षर मला वळखू येतंय.
ह्ये तुझं न्हवं.
हात गेला काय रं बाळा?

त्यानं ते छातीवर ठेवलं.
बराच वेळ पंख्याकडं बघत राहिला. पंखा बंद होता.
मग पेन मागितलं
आणि पाटीवर पहिल्यांदा गिरवावं तसं लिहिलं :
आई, हात हाईत. दोन्ही.
पेन माझ्याकडं परत केलं.
"म्होरलं तुमी लिवा."
म्होरलं मी लिहिलं.

त्यानंतर पोस्टिंग झाल्या, नकाशावर बोट फिरवावं तितक्या.
मी मेजर झाले, वॉर्ड मोठे झाले,
माझ्या हाताखालच्या पोरींना मी पहिल्या दिवशी
इंजेक्शनआधी पत्र लिहायला बसवायचे.
त्यांना वाटायचं, म्हातारी चक्रम आहे.
असेन.

काउंटरवरच्यानं कार्ड उलटंपालटं केलं,
रँक वाचली आणि खुर्ची मागं सारून उठायला लागला.
बस बस, म्हटलं. गोडेतेल दोन, साबण सहा.
बिल फाडता फाडता हळूच म्हणाला,
"मॅडम, आमची मधवी बारावीला हाय. बायोलॉजी घेतलंय.
ते मिल्ट्री नर्सिंगचं... नीट द्यावी लागतीया म्हणं.
उंची, वजन, काय काय बघत्यात?"

सांगितलं सगळं. फॉर्म कधी निघतो, मेडिकल कसं असतं,
घरापासून किती लांब जावं लागतं,
आणि कार्ड तिचं स्वतःचं असेल, हेही.
मागची रांग कुरकुरायला लागली होती.
पिशवी उचलली, दोन पावलं गेलो,
परत फिरलो.

अक्षर कसं आहे तिचं?