जिलेबीचा दाखला

फॉर्मवर एक घोडा आधीच छापलेला असतो.
नुसती रेघ. आत काही नाही.
डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड,
आणि चार खूर वेगळे, कापून ठेवल्यासारखे.
त्यात आपला घोडा भरायचा.

म्हेत्रे मॅडम म्हणाल्या, तू भर, तुझं अक्षर बरं आहे.
मी भरलं:
मालक मकबूल दस्तगीर नालबंद, नई जिंदगी, सोलापूर.
जात काठेवाडी. (असं अब्बा म्हणाले. मॅडम गप्प राहिल्या.)
वय नऊ. रंग कुमैत. मागचा डावा पाय पांढरा.
प्रवासाचं कारण: लग्न.
कुणाचं, ते विचारलेलं नव्हतं,
तरी अब्बांनी सांगितलंच,
इंडीच्या बागवानांचं, मॅडम,
दोन हजार बयाणा घेऊन खाल्लाय की ओ.

मग कपाळ.
कपाळावर तिच्या भोवरा आहे, दोन वेढ्यांचा,
त्याच्यावरूनच बाजारात नाव पडलं.
अकलूजला दलाल म्हणाला होता,
असला भोवरा मालकाला राजा करतो
नाहीतर रंडका.
अब्बा म्हणाले, दुसरं होऊन झालंय, पहिलं बघू.
फॉर्मला शकुन लागत नाही.
भोवऱ्याला फुली मार, बास, मॅडम म्हणाल्या.
मी फुलीच्या जागी जिलेबी काढली.

सुई टोचताना तिनं कान मागं टाकले.
अब्बांनी हातानं तिचा डोळा झाकला
आणि स्वतःचे मिटले.
लाल बुचाची नळी, तिच्यावर माझ्या अक्षरात नंबर,
थर्माकोलचा डबा, बर्फ, चिकटपट्टी.
हिसारला जाणार म्हणे.
जिलेबीनं अजून मोहोळ बघितलेलं नाही,
आणि तिचं चमचाभर रक्त दिल्लीच्याही पुढं.

तेरा दिवस.
अब्बा का बोलत नव्हते, मला ठाऊक होतं.
इरण्णाच्या वीटभट्टीवरचं खेचर.
नाक गळायचं, मांडीवर गाठी उठलेल्या.
आधी कागद आला. मग जेसीबी.
खोल खड्डा, चुन्याची पोती,
नखशिखांत पांढरे कपडे घातलेली चार माणसं.
इरण्णाला पैसे मिळाले, खोटं कशाला बोला.
खुंट्याची दोरी मात्र त्यानं वर्षभर सोडली नाही.

रोज पहाटे अब्बा धुतलेला रुमाल घ्यायचे,
तिच्या नाकपुड्या पुसायचे,
रुमाल बल्बखाली धरून बघायचे,
घडी घालून ठेवायचे.
तोबरा नंतर. चहा त्याच्याही नंतर.

चौदाव्या दिवशी फोन: निगेटिव्ह आहे.
अब्बांचा चेहरा उतरला.
अब्बा, निगेटिव्ह म्हणजे चांगलं.
नाही म्हणजे चांगलं? कसं काय बे?
दोनदा समजावलं.
तेव्हा नालांच्या ढिगाऱ्यावरच बसले खाली,
आणि बराच वेळ उठले नाहीत.

टेम्पोत उभी बांधून निघालो.
टाकळी गेली, भीमेला पाणी कमी होतं.
पलीकडच्या नाक्यावर पोलीस.
कागद मराठीत, तो कन्नडचा.
अब्बांना दोन्ही बोलता येतात, वाचता एकही नाही.
त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला,
मग चित्रावर बोट ठेवून टॉर्च वर मारला.
फळीवरून जिलेबीनं मान बाहेर काढली,
नाव पुकारल्यासारखी.
एकदा कागद, एकदा कपाळ.
पुन्हा कागद.
आणि तो पोलीस, ज्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं,
हसून म्हणाला: जिलेबी.

नवरदेव भलताच जड होता. बँड बेसूर.
ती मात्र चालली, मान उचलून,
सरकारनं तपासलेली.

परतताना माझा डोळा लागला,
तेवढ्यात तिनं अब्बांच्या खिशातला दाखला ओढला
आणि एक कोपरा खाल्ला.
नेमका पांढरा पाय गेला त्यात.
तसाही वीस तारखेपर्यंतच चालणार होता.
पुढल्या महिन्यात आळंदचं लग्न आहे.
मॅडमकडून कोरा फॉर्म आणलाय,
रेघेचा घोडा,
अजून कुणाचाच नाही.