टेबलावरची भरती

लाकूड नासपतीचं, तासलं मीच.
बांध, पंप, शाळा, सात घरांची ओळ,
मुठीत मावेल एवढं एकेक.
तळाला काळे ठिपके, दर ठोकळ्याचे निराळे,
कारण काचेखालचा कॅमेरा
चेहरे बघत नाही,
फक्त तळवे वाचतो.

झेलंडमधल्या एका गावाची सभा, मंगळवार संध्याकाळ,
कॉफी जरा पातळच.
वीत्स्केने दिवे मालवले
आणि टेबलावर समुद्र आला.

आधी कुणी हात लावेना.
मग याकोमीनाबाईंनी बांध बोटभर मागे सारला
आणि निळा उजेड
त्यांच्याच बटाट्यांच्या शेतात शिरला.
"बरं. म्हणजे हे असं," त्या म्हणाल्या.
पलीकडून लेंडर्टने पंप सरकवला, न विचारता.
वीस वर्षं ही दोघं एकमेकांना पाण्यात पाहत आलेली,
आज खरोखरच पाहत होती.
चार हात, एकच भरती.

माउस असता तर एकाच्याच हाती राहिला असता,
बाकीचे मागे, टाचा उंचावून.
इथे ठोकळा धरायला कुणाची परवानगी लागत नाही.
फक्त समोरच्याने तो सोडावा लागतो.

मारिनुस मात्र भिंतीशी.
सारी हयात शिंपल्यांच्या बोटीवर गेलेली,
बोटं दोरखंडासारखी.
नऊच्या सुमारास पुढे झाला,
खिशातून काळा शिंपला काढून
बांधाबाहेर ठेवला, जिथे नुसती करडी पट्टी होती.
"इथे मी असतो," म्हणाला,
आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभा राहिला.

ठिपके नव्हते त्याला.
पाणी त्याच्या खालून सरळ निघून गेलं,
जणू तिथे काही नव्हतंच.
वीत्स्के कीबोर्डकडे वळली, थांबली.

त्यानंतर बांध तीनदा हलला,
एकदा तर भांडणच झालं, शाळेवरून.
पण लेंडर्टची बाही, बाईंचा कप,
सरकत आलेला प्रत्येक ठोकळा
शिंपल्याला वळसा घालून गेला.
कुणी तसं ठरवलं नव्हतं.

दिवे लागले, समुद्र गेला.
ठोकळे मी मोजून पेटीत भरले. एकोणीस.
"याला ठिपके चिकटवू या,
की कॅमेऱ्यालाच हा शिकवू?" वीत्स्केने विचारलं.
मी शिंपला उचलून काच पुसत होतो.
खाली थोडी ओल होती,
खरी.