नवांतला एक

दहा जण होतो आम्ही, गिनायच्या वेशीबाहेर.
एकच मडकं. शोमरोनी अबीशाही त्यातच जेवायचा.
झडल्या बोटांना कसला आलाय विटाळ?

मग तो त्या वाटेनं आला. लांबूनच ओरडलो आम्ही.
"जा, याजकांना दाखवा," एवढंच म्हणाला,
हातसुद्धा लावला नाही.
आणि निघालो की, अंग तसंच चिघळलेलं घेऊन!
माझा विश्वास म्हणाल तर तेवढाच,
ओढ्यापर्यंतच्या चढाएवढा.

कातडी परतली आणि वाटा फुटल्या.
अबीशाला आमचा याजक दारात उभं करणार नव्हता.
तो मागे वळला,
मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत.
मी पळालो. घरी.

तिर्सा भट्टीपाशी होती. तिनं ओळखलं नाही.
पुढे झालो, हात तापल्या भट्टीला टेकला,
चटका बसला.
नऊ वर्षांनी चटका!
बोट तोंडात घालून मी हसत सुटलो,
ती घाबरून बघत राहिली.

अजून डाग आहे.
संध्याकाळी भट्टी पेटली की चाचपतो
आणि वेशीपर्यंत जाऊन येतो.
वाटेवर कुणीच नसतं.
तरी उभा राहतो थोडा,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा,
चपला हातात घेऊन.