फक्की

पहाटे पाचला मैदानावर मी आणि मढवीकाका.
दोन खुंट्या, सुतळी, पन्नास मीटरची फीत,
दीड गोणी फक्की.
दव असेतोवर मारायची, काका म्हणतात,
वारा उठला की रेघ खाडीकडे निघून जाते.

घणसोलीचं हे मैदान दरवर्षी सिंथेटिक होणार असतं.

आधी मध्य. खुंटी हलली
की अख्खं वळण खोटं पडतं.
काका तिच्यावर टाच रोवून उभे राहतात
आणि मी ताणलेली सुतळी धरून
अर्धं मैदान चालत जाते, कंपासातल्या पेन्सिलीसारखी.
लेन एक मीटर बावीस.
पहिल्या लेनची लांबी आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर सोडून मोजायची,
कारण कडेवरून कुणीच पळत नाही,
कडेला जरा भिऊन पळतं.

सातला पोरी येतात.
चारशे मीटर. चिठ्ठ्यांत आठवी लेन निघते
कृपाली भोईरची.
ती जागेवर जाते, मागे वळून बघते
आणि तिथूनच ओरडते,
"बाई, मी एवढी पुढे कशी? ही चीटिंग आहे ना?"
पहिलीतली ईशिता लगेच, "आहेच!"

मी सांगते. वळण बाहेरून लांब पडतं.
दुसरीला सात मीटर चार सेंटिमीटर पुढे,
मग प्रत्येकीला आणखी सात सदुसष्ट,
आठवीपर्यंत होतात त्रेपन्न मीटर.
पुढे उभं केलंय, म्हणजे पुढे आहेस असं नाही.
शेवटच्या सरळीत कळतं कोण कुठे ते.

"आमाला पन पुढंच उबं केलेलं,"
काका हातांवरची फक्की झाडतात,
"साडेबारा टक्के देऊन."
आणि असे हसतात की मला
पट्टी कुठे ठेवली ते आठवेना.
दुसऱ्या वळणावर, सहाव्या लेनच्या आसपास,
त्यांच्या शेताचा बांध होता म्हणे.

कृपालीला एक गोष्ट सांगितली नाही.
आठवीत कुणी दिसत नाही.
समोर नुसती लाल माती, पलीकडे पारसिकचा डोंगर,
आणि मागून सात जणींचे श्वास.
आपण किती जोरात पळतोय
हे कानांनी ठरवायचं.

मी आठशेची. आठशेला पहिलं वळण आपल्या लेनमध्ये,
मग तिरकी रेघ येते, तिच्यापुढे सगळ्यांना आत मोकळीक.
ठाण्याला, जिल्हा स्पर्धेत,
मी त्या रेघेआधी तीन पावलं आत शिरले.
पंचांचा झेंडा वर गेला. मी पाहिला नाही.
पहिली आले. मग नाव वाचलंच नाही.
तीन पावलं.
त्यानंतर मी मोजायलाच लागले.

ऑन युवर मार्क.
पिस्तूल नाही, दोन फळ्या आहेत.
घड्याळ आवाजावर दाबायचं नाही,
फळ्या मिटलेल्या दिसल्या की दाबायचं,
आवाज मागून चालत येतो.
सेट.

निघाल्या, डावा हात आत ठेवून,
प्रदक्षिणेच्या उलट.
पहिल्या वळणात कृपाली एकटीच,
जणू शर्यत दुसरीकडे कुठेतरी चालली आहे.
मागच्या सरळीत माती उडते.
दुसऱ्या वळणात त्रेपन्नचे तीस होतात, तीसचे दहा,
आणि सरळ लागते तेव्हा सगळा हिशेब मिटलेला.

रेघेवर धड बघायचं.
डोकं नाही, पुढे फेकलेला हात नाही.
कृपाली चौथी. ईशिता सहावी.
दोघी वाकून, गुडघ्यांवर हात,
एकमेकींकडे न बघता धापा टाकतात.
मग कृपाली म्हणते,
"बाई, पुढच्या वेळी मला पहिली लेन."
ईशिता म्हणते, "घे. वळणात कंबर मोडते."

दुपारपर्यंत आठ लेनची एकच पांढुरकी पट्टी होते.
ती तुडवत क्रिकेटवाले स्टंप घेऊन येतात.
मी फीत गुंडाळते. काका खुंटी उपटतात,
उत्तरेकडची.
दक्षिणेकडची तशीच ठेवतात,
वर दोन मुठी माती ओढतात, पायाने दाबतात.

मी विचारत नाही.
"पुढल्या साली शोधाया नको," तेच म्हणतात,
आणि रिकामी गोणी खांद्यावर टाकून
लेन सोडून चालायला लागतात.